कल्याणची तलवार आणि बिदरचा दवाखाना

गोव्यातल्या माणसाला बिदर ठाऊक असतं ते महमूद गावानमुळे. बहमनी सल्तनतीच्या या वजिराने १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा घेतला. बिदरला त्याने बांधलेला मदरसा आजही अर्धामुर्धा उभा आहे. पण बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागातल्या जिल्ह्यांचं आणखी एक जुनं प्रकरण सध्या वारंवार आठवतं. म्हातारपण औषधाने लांबवता येईल का, या प्रश्नाचं!

हल्ली वर्तमानपत्रांत ‘रॅपामायसिन’चं नाव येतं. १९६४ साली ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळालं. ते हाती लागण्यात सुरेन सेहगल या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. मग २००९ साली बातमी आली, की ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीला टेकलेल्या उंदरांना ते दिलं आणि ते उंदीर जास्त जगले. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनकडेही अनेक जण याच आशेने पाहतात. पण माणूस काही उंदीर नव्हे. शिवाय रॅपामायसिन शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, हेही विसरून चालत नाही.

ही आशा आपल्याला नवी नाही. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे. ज्वर वगैरे रोग त्यानंतर येतात. पुढे रसशास्त्राने पाऱ्याची कास धरली. सिद्ध झालेला पारा जसं हलक्या धातूचं सोनं करतो, तसंच तो देहालाही अजर करील, अशी ती कल्पना. नाथ आणि सिद्ध परंपरेत अशा ‘वज्रदेहा’चं मोठं आकर्षण होतं.

त्या आकर्षणाला उत्तर देणारी एक कथा आहे. बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण म्हणजे बाराव्या शतकातलं चालुक्यांचं कल्याण. तिथल्या अनुभवमंटपाचे प्रमुख होते अल्लमप्रभू. पंधराव्या शतकातल्या कन्नड ग्रंथांत अल्लमप्रभू आणि गोरक्ष यांच्या भेटीची गोष्ट येते. गोरक्षाला आपल्या वज्रदेहाचा अभिमान. अल्लमांनी त्याच्यावर तलवार चालवली, तर खणखणाट झाला. मग गोरक्षाने अल्लमांवर वार केला, आणि तलवार हवेतून जावी तशी आरपार गेली, आवाजसुद्धा नाही! इतिहास म्हणून ही भेट धरू नये. पण तिचा रोख स्पष्ट आहे: टिकणं म्हणजे मुक्त होणं नव्हे.

कलबुर्गीचे ख्वाजा बंदेनवाज १३२१ साली दिल्लीत जन्मले आणि १४२२ मध्ये कलबुर्गीत वारले. म्हणजे शंभरी ओलांडली. तैमूरच्या स्वारीमुळे दिल्ली सोडून ते दक्खनेत आले, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. कलबुर्गी त्यांना ओळखते ती त्यानंतरच्या वीसेक वर्षांमुळे. आयुष्य किती, यापेक्षा उरलेलं आयुष्य धडधाकट किती, हा आजच्या शास्त्रज्ञांचा प्रश्न इथे आपोआप समोर येतो.

आता दवाखान्याकडे वळू. फिरिश्ता लिहितो, की सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा (१४३६–१४५८) याने बिदरमध्ये मोठा दवाखाना बांधला, रुग्णांच्या औषधांसाठी आणि जेवणासाठी काही गावांचं उत्पन्न लावून दिलं, आणि हिंदू व मुसलमान दोन्ही वैद्य नेमले. अजर होण्याचं वचन त्यात कुठेच नाही. आजारी माणसाला औषध आणि जेवण मिळावं, एवढंच. पण खर्चाची सोय पक्की!

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचं सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षं होतं. आज ते सत्तरच्या आसपास आहे. ही वाढ कुठल्या रसायनाने झालेली नाही. लसी, स्वच्छ पाणी, प्रतिजैविकं, सुरक्षित बाळंतपण यांनी ती केली. आणि बिदर-कलबुर्गीचा हा टापू इतका मागे राहिला, की त्यासाठी घटनेत ३७१-जे हे खास कलम घालावं लागलं.

म्हातारपण लांबवणारी गोळी उद्या खरंच येईल, यावी. मात्र ती आली, की पहिला प्रश्न अलाउद्दीनच्या दवाखान्याचा असेल: औराद किंवा आळंदच्या शेतमजुरापर्यंत ती पोचवायला कुठल्या गावांचं उत्पन्न लावून ठेवलं आहे? याचं उत्तर नसेल, तर नव्या वज्रदेहाचा खणखणाट तेवढा ऐकू येईल, आणि तोही मोजक्या घरांतून.