पाचोऱ्याचे दोन रूळ आणि लिबसी

मंडळी, पाचोऱ्याला आपण ब्रॉडगेजवरून उतरायचो आणि जामनेरसाठी पीजेत बसायचो. रुळांची रुंदीच वेगळी. डबा तसाच पुढे ढकलता येत नसे.

लिनक्समध्ये १९९७-९८ साली हेच घडलं. जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्यावर उभे, ती सी भाषेची सामायिक लायब्ररी बदलली. 'लिबसी ५' गेली, 'लिबसी ६' आली. नाव जवळचं, आतली मापं वेगळी.

आम्ही तेव्हा धुळ्याकडे एका जिनिंगचा कापूस-खरेदीचा हिशेब लिनक्सवर ठेवत होतो. अपग्रेड केलं अन् प्रोग्राम उघडेना; जुनी लायब्ररी सापडत नाही म्हणे. मग आम्ही अतिशहाणपणा केला. नव्या फाइललाच जुन्या नावाची लिंक दिली! प्रोग्राम उघडला, आणि काट्याच्या नोंदी लिहिता लिहिता बंद पडला. ऐन हंगाम, बाहेर गाड्यांची रांग. पावत्या रात्रभर हाताने लिहिल्या. फाइलच्या नावातला आवृत्तीचा आकडा शोभेचा नसतो, हे तेव्हा कळलं.

डेबियनने जुलै १९९८ मध्ये २.० काढलं ते लिबसी ६ वर, पण जुन्या प्रोग्रामांसाठी लिबसी ५ शेजारी ठेवायची सोय केली. पाचोऱ्यासारखीच, एका स्टेशनात दोन रूळ. आम्हीही अखेर जुनी लायब्ररी परत बसवली. हिशेब जुळेपर्यंत मात्र संक्रांत उजाडली.