चार पेन्सिल सेलवर चालणारा संगणक

वाचकहो, संगणक पिशवीत घालून नेण्याचे आज तुम्हांला नवल वाटणार नाही. परंतु १९८१ साली अमेरिकेत आलेला ऑसबॉर्न-१ हा उचलून नेण्याजोगा म्हणविला जाणारा संगणक सुमारे ११ किलो वजनाचा होता. १९८२ सालचा ग्रिड कंपास पुष्कळ सुटसुटीत, पण त्याची किंमत ८ हजार डॉलरांहून अधिक! सामान्य माणसाने काय करावे?

याचे उत्तर १९८३ साली मिळाले. टँडी कंपनीच्या 'टीआरएस-८० मॉडेल १००' ची किंमत १,०९९ डॉलरांपासून सुरू होत असे. जपानच्या क्योसेरा कंपनीने तो घडविला आणि त्याच्या आज्ञावलीचा बराच भाग स्वतः बिल गेट्स यांनी लिहिला. पडद्यावर अवघ्या ८ ओळी, ओळीत ४० अक्षरे, स्मृती ८ किलोबाइट. पडद्यामागे दिवा नव्हता आणि आतील चिपा अल्प विजेवर चालत. म्हणूनच ४ पेन्सिल सेलवर हे यंत्र सुमारे २० तास काम देई. वजन दीड किलोहून कमी. बातमीदारांनी ते आपलेसे केले. घटनास्थळीच बातमी लिहावी आणि टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला सुमारे ३० अक्षरे या वेगाने कचेरीत धाडावी!

यंत्र दुबळे होते, पण जिथे माणूस काम करी तिथे ते पोहोचले. विद्यार्थी मित्रांनो, साधन निवडताना त्याचा झगमगाट पाहू नका. ते तुमच्या कामाला आणि खिशाला पेलते काय, एवढे पाहा.