डाईंग मशीनच्या मीटरवर सेल्सिअस की फॅरनहाइट? एकक बदलताना हे तपासा

सुरत-धुळे आणि मुंबई-अहमदाबाद हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, ते पलसाणा तालुक्यातलं कडोदरा. या पट्ट्यातल्या डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये धुळे, नंदुरबार, जळगावकडची पुष्कळ माणसं कामाला आहेत. तिथे मशीनवरचा तापमानाचा आकडा कोणत्या एककात आहे, यावर कापडही अवलंबून असतं आणि कामगाराचा जीवही.

घरात ताप १०१ म्हटला की तो फॅरनहाइट असतो. उन्हाळ्यात पारा ४२ वर गेला म्हटलं की तो सेल्सिअस. ऐकणाऱ्याला ते आपोआप कळतं. मशीनला मात्र सांगावं लागतं.

१३० चा अर्थ काय?

पॉलिस्टर कापडात रंग नीट मुरायला साधारण १३० अंश सेल्सिअस लागतात. उघड्या भांड्यात पाणी १०० ला उकळतं, म्हणून जेट मशीन बंद ठेवून दाबाखाली तापवतात. १३० ला आतला दाब बाहेरच्या हवेच्या अडीचपटीहून जास्त असतो. हेच तापमान फॅरनहाइटमध्ये २६६ होतं.

मीटरच्या आत काय घडतं?

सेन्सरला एकक कळत नाही. पीटी-१०० सेन्सरचा रोध शून्य सेल्सिअसला १०० ओहम आणि १०० सेल्सिअसला सुमारे १३८.५ ओहम असतो. त्याचं अंशात रूपांतर मीटरमधली चिप करते. त्यामुळे बहुतेक डिजिटल कंट्रोलरमध्ये वायर न बदलता, सेटिंगमध्ये जाऊन 'सी'चं 'एफ' करता येतं.

ज्या जुन्या साध्या डिस्प्लेत ही सोय नाही, तिथे दोन सेन्सर आणि एक स्विच लावतात. एलएम-३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, एलएम-३४ दर अंश फॅरनहाइटला तेवढेच. पण साडेतीन अंकी डिस्प्ले १९९९ च्या पुढे जात नाही. एक दशांश ठेवला तर तो १९९.९ ला थांबतो. २६६ त्यात मावतच नाही. शेडचं तापमान बघायला हा जुगाड ठीक, जेट मशीनला नाही.

खरा धोका

काही कंट्रोलर एकक बदललं की सेट केलेले आकडेही बदलतात. काही फक्त समोरचं अक्षर आणि दिसणारं तापमान बदलतात, सेटिंगचा आकडा तसाच राहतो. अशा वेळी:

- 'सी'चं 'एफ' केलं आणि सेटिंग १३० च राहिलं, तर मशीन ५४ सेल्सिअसवरच थांबेल. रंग चढणार नाही, अख्खा लॉट वाया.
- 'एफ'चं 'सी' केलं आणि सेटिंग २६६ राहिलं, तर मशीन तापतच राहील. भार सेफ्टी व्हॉल्व्हवर येईल.
- झाकणाची मर्यादा सर्वांत घातक. साधारण ८० सेल्सिअसच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नये म्हणून लॉक असतं. फॅरनहाइटमधला १७६ हा आकडा सेल्सिअसमध्ये तसाच राहिला, तर १३० ला सुद्धा ते लॉक सुटू शकतं. उकळतं पाणी आणि वाफ थेट अंगावर.

३२ कुठे मिळवायचे?

तापमान बदलताना १.८ ने गुणून ३२ मिळवतात. पण दोन तापमानांतला फरक असेल तर ३२ मिळवायचे नाहीत. २ सेल्सिअसचा फरक म्हणजे ३.६ फॅरनहाइट, ३५.६ नव्हे. चालू-बंदचा फरक आणि मिनिटाला किती अंश चढवायचं, ही दोन्ही सेटिंग इथेच चुकतात.

बदल करताना

मशीन थंड आणि रिकामं असताना, जबाबदार माणसाच्या परवानगीनेच बदल करावा. आधी सगळी सेटिंग वहीत उतरवून घ्यावी आणि नंतर एकेक पडताळावी. सेन्सर बाहेर काढता येत असेल तर बर्फाच्या पाण्यात ० किंवा ३२, उकळत्या पाण्यात सुमारे १०० किंवा २१२ दिसतं का, ते बघावं. मीटरशेजारी एककाचं मोठं स्टिकर लावावं आणि पुढच्या पाळीच्या ऑपरेटरला तोंडीही सांगावं.

लक्षात ठेवायचे आकडे (सेल्सिअस – फॅरनहाइट): ८० – १७६, १०० – २१२, १३० – २६६, १९० – ३७४.