मोटारीची उंची व प्रवासातील सुख : एक टिपण

मुठेकाठचे वारजे गाव आता पुणे शहरात सामावले आहे. मुंबई-बंगळूर महामार्गाचे बाह्यवळण त्यातून जाते आणि त्याच्या कडेलाच गतिरोधकांच्या गल्ल्या सुरू होतात. उंच मोटारीला आखूड स्प्रिंगा बसवून ती खाली आणण्याच्या हौसेचे परीक्षण करण्यास हे स्थळ उचित होय.

या उंचीचे मूळ रस्त्यांच्या इतिहासात आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत ज्या विलीज जीपगाड्यांची जुळणी आरंभिली, त्यांच्या चारही चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. खडबडीत वाट तुडविणे हे त्यांचे प्रयोजन. आरामाचा विचार गौण होता. १९९८ साली आलेल्या टाटा सफारीच्या मागील चाकांवर मळसूत्री स्प्रिंगा आल्या, म्हणजे उंचीला आरामाची जोड मिळाली.

आखूड स्प्रिंगेने ही जोड सैल होते. चाकाला वर सरकण्यास जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग अधिक ताठ करावी लागते. भार तोच ठेवून ताठरपणा १.४४ पट केल्यास कंपनसंख्या १.२ पट होते; सेकंदाला १.२५ आंदोलनांची १.५ होतात. गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर गाडी कमी कलते, हा लाभ खरा. परंतु गल्लीतील प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोहोचतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, हेही ध्यानी घेतले पाहिजे. सारांश, महामार्गावरील स्थैर्याचे मूल्य गल्लीत चुकवावे लागते. आणि वारज्याच्या रहिवाशाला घरी जाण्यासाठी गल्लीतूनच जावे लागते.