हात न लावता: ‘सेंडफाइल’ची कुळकथा

शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी 1892 पासून केवळ उताराच्या बळावर मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही त्या मुलखाची जुनी व सर्वथा न्याय्य तक्रार आहे. परंतु संगणकाच्या राज्यात असे वाटेत कोणाच्याही हाती न लागता पुढे जाणे हा गुण ठरला, आणि ‘सेंडफाइल’ या सिस्टीम कॉलचा, म्हणजे प्रोग्रामने प्रणालीच्या गाभ्याला (कर्नेलला) द्यावयाच्या हाकेचा, जन्म त्या गुणापोटीच झाला.

तत्पूर्वीची वहिवाट अशी की, प्रोग्रामने ‘रीड’ करून फाइलीतील मजकूर आपल्या बफरात मागवावा आणि ‘राइट’ करून तो सॉकेटच्या, म्हणजे नेटवर्ककडे जाणाऱ्या दाराच्या, स्वाधीन करावा. यात डिस्कवरून कर्नेलच्या स्मृतीत, तेथून प्रोग्रामच्या बफरात, तेथून परत कर्नेलमधील सॉकेटच्या बफरात आणि अखेरीस नेटवर्क कार्डावर, अशा चार नकला होत. पैकी मधल्या दोन खुद्द प्रोसेसरला उतरवाव्या लागत. ज्या वेब सर्व्हरला मजकुरातले एक अक्षरही पाहावयाचे नाही, त्याच्यापायी हा खटाटोप निव्वळ अपव्यय होता. प्रोग्रामचा हा वळसा टाळून फाइल कर्नेलातूनच सॉकेटकडे देणारे ‘ट्रान्समिटफाइल’ विंडोज एनटीत आधीच रुजू झाले होते. 1998 मध्ये फ्रीबीएसडी 3.0 मध्ये डेव्हिड ग्रीनमन यांनी लिहिलेले ‘सेंडफाइल’ आले, आणि जानेवारी 1999 मध्ये लिनक्स 2.2 मध्ये त्याच नावाचे भावंड.

लिनक्सच्या त्या पहिल्या अवतारात सॉकेटच्या बफरातली नक्कल शिल्लकच होती. 2001 मध्ये 2.4 मालिकेत तीही गेली: विखुरलेले तुकडे स्वतः गोळा करू शकणारे नेटवर्क कार्ड असेल, तर मजकुराऐवजी त्याचा पत्ता आणि लांबी एवढीच नोंद सॉकेटकडे जाऊ लागली, आणि प्रोसेसरच्या वाट्याला एकही नक्कल उरली नाही. माझ्या मते खरी करामत ही. आधीची केवळ काटकसर.

मात्र ज्याला हात लावावयाचा नाही, त्यात फेरफारही करता येत नाही. सांकेतिक लिपीत मजकूर धाडण्याचा दंडक सार्वत्रिक होताच मजकूर पुन्हा प्रोग्रामकडे आणणे भाग पडले, आणि 2017 मध्ये लिनक्स 4.13 ने ते सांकेतीकरणच कर्नेलात नेईपर्यंत ही अडचण राहिली.

वापरणाऱ्याने एवढे ध्यानी धरावे: लिनक्सवर एका हाकेत जास्तीत जास्त 2,147,479,552 बाइट जातात, कधी त्याहूनही कमी, म्हणून परत आलेला आकडा तपासून उरलेल्यासाठी पुन्हा हाक द्यावी.