शोलावरम

शोलावरम : मद्रासच्या उत्तरेला असलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी. युद्ध संपलं, विमानं गेली आणि मोटार शर्यतींच्या शौकिनांना आयतं मैदान मिळालं. कलकत्त्याजवळचं बराकपूर, मुंबईतलं जुहू इथेही शर्यती अशा उसन्या धावपट्ट्यांवरच झाल्या. पण नाव झालं ते शोलावरमचं, आणि त्याचं श्रेय १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबला.

धावपट्टी म्हणजे लांब, सरळ, सपाट. वेगाला उत्तम, वळणांच्या बाबतीत कंजूष! विजय मल्ल्या यांनी इथे ‘एन्साइन’ ही फॉर्म्युला वनची जुनी गाडी पळवली. तिचा बोलबाला अधिक झाला. मोलाचं काम मात्र कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांचं. मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं घरगुती इंजिन त्यांनी एका माणसापुरत्या, बिनछपराच्या गाडीत बसवलं. हीच १९८८ ची ‘फॉर्म्युला मारुती’. परदेशी गाडी परवडत नसलेल्यांनाही त्यामुळे शर्यतीत उतरता आलं. कोइमतूरजवळचा २००३ चा ‘करी मोटर स्पीडवे’ त्यांच्याच नावाचा.

क्लबने पुढे श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे स्वतःचा, सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक बांधला. तो १९९० मध्ये सुरू झाला.