सोबती निवडावा कसा?

विद्यापीठांच्या क्रीडासंघांत नवा सभासद घ्यावयाचा तो कोणत्या कसोटीवर? अमेरिकेंतील 'बिग टेन', म्हणजे 'मोठे दहा', या संघाच्या इतिहासांत ही कसोटी कशी पालटत गेली तें स्पष्ट दिसतें.

१८९५ सालीं परड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनीं शिकागो येथें विद्यापीठप्रमुखांची सभा बोलाविली. खेळाडू हा खरोखरीचा विद्यार्थी असावा, असा तिचा आग्रह होता. पुढल्याच वर्षीं सात विद्यापीठांचा संघ उभा राहिला. खेळांचीं सूत्रें प्राध्यापकांच्या हातीं आलीं. १८९९ मध्यें इंडियाना व आयोवा, १९१२ मध्यें ओहायो स्टेट हीं विद्यापीठें सामील झालीं. सारीं शेजारचींच!

पुढें दूरचित्रवाणीचें उत्पन्न वाढलें. २०१४ मध्यें पूर्वेकडील मेरिलँड व रटगर्स यांना प्रवेश मिळाला, तो प्रामुख्यानें तेथील महानगरांतील प्रेक्षकांमुळें. २०२४ मध्यें पॅसिफिक किनाऱ्याकडील चार विद्यापीठें आलीं. सभासद अठरा झाले. नांव मात्र दहांचेंच राहिलें. तिकडे पश्चिमेच्या जुन्या संघांत त्या वर्षीं बारांपैकीं दोनच विद्यापीठें उरलीं.

आतां लॉस एंजेलिसच्या विद्यार्थिनीला सामन्यासाठीं सुमारें ४,००० किलोमीटरांवरील न्यू जर्सी गांठावें लागतें. नव्या सभासदामागें प्रेक्षक किती, हें पाहणें गैर नव्हे. परंतु त्याच्या येण्यानें विद्यार्थ्यांचे अभ्यासाचे दिवस किती बुडतील, हाहि हिशेब मांडला पाहिजे. १८९५ सालची सभा भरली होती ती त्याचसाठीं.